विषय: सायकल गेली, पुस्तकं राहिली

मंगळवार सकाळ
प्रेषक: लायब्ररी

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकते, मंडळाच्या लायब्ररीची सगळी पुस्तकं सुखरूप आहेत, कारण खालचं वाचल्यावर पहिला प्रश्न तोच येणार आणि काकांचा तर फोनच येणार. काल रात्री आमच्या गॅरेजमधून माझी सायकल गेली. निळी, पुढे बास्केट असलेली, तुम्ही बहुतेकांनी पाहिलेली आहे.

सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर गॅरेजचं बाजूचं दार वीतभर उघडं. मला वाटलं ह्यांनीच उघडं टाकलं, त्यावरून दोन वाक्यं बोलूनसुद्धा झाली, मग आत जाऊन लाईट लावला. सायकलच्या जागी नुसती जागा. खाली फरशीवर चेनच्या तेलाचा काळा डाग, भिंतीवर हेल्मेट टांगलेलं तसंच, आणि फळीवर सायकलचा पुढचा दिवा रात्री मी चार्जिंगला लावलेला, पूर्ण चार्ज होऊन त्याचा बारका हिरवा ठिपका लागलेला. सायकल नाहीये हे कळलं तेव्हा काही झालं नाही, तो हिरवा ठिपका बघितला आणि रडूच आलं.

आणि एक गंमत, म्हणजे गंमत नाही, पण सांगते. सायकलच्या पुढ्यात लायब्ररीचे तीन खोके होते. ते चोराने उचलून बाजूला एकावर एक, कडेला कड लावून रचून ठेवलेत, मी आजपर्यंत इतके नीट कधी ठेवले नव्हते. पुस्तक एकही नेलं नाही. चोरालासुद्धा मराठी वाचायचा कंटाळा.

आता पोलिसांचा ऑनलाईन फॉर्म भरायला बसलेय. रंग लिहिला, कंपनी लिहिली, मग विचारतात फ्रेम नंबर. असा काही नंबर असतो हेच मला आज कळलं. बिल सापडत नाही, जिथून घेतली ते दुकान कधीच बंद झालंय. कोणी या चक्रातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

---

मंगळवार, अर्ध्या तासाने
प्रेषक: रविवार राईड ग्रुप

ताई, वाईट वाटलं वाचून. लॉक कुठलं होतं?

---

मंगळवार, लगेच
प्रेषक: लायब्ररी

दादा, लॉक नव्हतं. घरात होती ना. घरातल्या फ्रिजला कोणी लॉक लावतं का?

सकाळपासून हाच प्रश्न तिसऱ्यांदा. शेजारच्यांनी विचारला, ह्यांनी विचारला, आता तुम्ही. मला कळतंय की चुकलं, पण चोरी मी केलेली नाहीये.

---

मंगळवार दुपार
प्रेषक: रविवार राईड ग्रुप

ताई सॉरी, खरंच. सवयीने विचारलं गेलं, आणि तुम्ही बोललात ते बरोबरच आहे.

आता एक कबुली देतो जी मंडळाच्या या मेलिंग लिस्टवर कधी दिली नाही. माझीही गेली होती, दोन वर्षांपूर्वी, घरच्या जिन्याखालून. मी रविवारी सगळ्यांना लॉकवर भाषणं देणारा माणूस, आणि माझ्या सायकलला होतं केबल लॉक, ते हातातल्या कटरने एका दाबात तुटतं. ग्रुपमध्ये सांगितलं की जुनी विकली, नवीन घेतली. लाज वाटली, दुसरं काय. म्हणजे चोराला लाज नाही आणि आपण तोंड लपवून फिरतोय असला उलटा प्रकार.

तर आता कामाचं. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना पेडलचे दांडे जिथे जोडलेले असतात ना, त्या जाड आडव्या नळीच्या पोटाला, जमिनीकडे तोंड करून कोरलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून कोणाला माहीत नसतो. काहींचा सीटखालच्या उभ्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर असतो, पण पहिली जागा जास्त करून तीच. सर्व्हिसिंगला कधी दिली असेल तर त्या मेकॅनिकच्या नोंदीत असू शकतो, ऑनलाईन घेतलेली असती तर ईमेलमध्ये मिळाला असता. फोटो असतील तर सगळे बघा, झूम करून बघा.

फॉर्म मात्र नंबरासाठी अडवून ठेवू नका, आजच भरा, नंबर मागाहून कळवता येतो. आणि रंग आणि कंपनी एवढ्यावर थांबू नका, तुमच्या सायकलवर जे दुसऱ्या कोणाच्या नसेल ते लिहा. ओरखडे, स्टिकर, बदललेलं सीट, वाकडं झालेलं बास्केट. पोलिसांकडे निळ्या सायकली ढिगाने असतात, पण डावीकडे चेपलेलं बास्केट एकाचंच असतं.

---

मंगळवार संध्याकाळ
प्रेषक: विमावाली वहिनी

मी क्लेम डिपार्टमेंटला काम करते म्हणून लिहिते, तुमची पॉलिसी मी पाहिलेली नाही तेव्हा ती काढून वाचाच.

घराच्या सामानाच्या विम्यात सायकल बरेचदा बसते, पण एका वस्तूला किती पैसे मिळतील याची मर्यादा असते आणि त्याहून महाग सायकल आधी वेगळी नोंदवलेली लागते. गॅरेज घराला चिकटून आहे की सुटं आहे याने फरक पडतो. काही पॉलिसीत जबरदस्तीने घुसल्याची खूण लागते, म्हणून बाजूच्या दाराचं लॅच खरवडलेलं वगैरे असेल तर दुरुस्त करण्याआधी जवळून आणि लांबून दोन्ही फोटो काढा, तुटलेला भाग टाकून देऊ नका. लोक घाबरून पहिल्याच दिवशी नवीन कुलूप बसवतात, ते बसवावंच, पण जुनं पिशवीत घालून ठेवा.

पोलिसांचा रिपोर्ट नंबर लागेल. बिल नसेल तर बँकेचं स्टेटमेंट, मॅन्युअल, सुटी किल्ली, सायकलसोबतचा तुमचा फोटो, हे सगळं मालकीचा पुरावा म्हणून चालू शकतं. पहिली ठरलेली रक्कम आपल्याच खिशातून जाते, तेव्हा आधी गणित करा की क्लेम करण्यात अर्थ आहे का. आणि जास्त किंमत लावायची नाही, अजिबात नाही, सायकल खरी गेलेली असते आणि माणूस दोन बास्केटं जास्त लिहितो आणि तिथेच सगळा क्लेम अडकतो. मी बघते हे.

अजून एक, पैसे मिळाल्यावर सायकल सापडली तर ती साधारणपणे विमा कंपनीची होते. परत हवी असेल तर तसं त्यांच्याशी बोलावं लागतं.

ताई, तुमची गाडी बाहेर उभी असते ना? गॅरेजचा रिमोट गाडीत ठेवत असाल तर आजपासून घरात आणा.

---

मंगळवार रात्र
प्रेषक: काका

पुस्तकं सुखरूप हे वाचून बरे वाटले. सायकलीचे वाईट वाटले. क्रम मुद्दाम तसा लिहिलेला नाही.

विषय निघालाच आहे तर सांगतो. १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या चळवळीतल्या तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर बिनकुलपाच्या ठेवल्या, कोणीही घ्यावी, हवे तिथे जावे आणि सोडून द्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपी सायकल ठेवणे हाच तिथे गुन्हा होता. सायकली परत मिळाल्यावर या पठ्ठ्यांनी त्यांना नंबरचे कुलूप लावले आणि तो नंबर सायकलीवरच रंगवून टाकला. आणि महागड्या कुलपांचे म्हणाल तर २००४ मध्ये गोल किल्लीची नामांकित कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात असे इंटरनेटवर लोकांनी करून दाखवले होते, लाखांनी कुलपे बदलून द्यावी लागली. तेव्हा आमच्या लायब्ररीबाईंना कुलपावरून कोणी बोलू नये.

---

मंगळवार रात्र
प्रेषक: सेक्रेटरी

काका, उत्तम माहिती, पण सगळा जुना मेल खाली चिकटवून पाठवू नका हो, डायजेस्टवाल्यांना, म्हणजे ज्यांना लिस्टचे सगळे मेल एकत्र जोडून येतात त्यांना, चार फूट स्क्रोल करावं लागतं.

---

बुधवार, पहाटे २
प्रेषक: लायब्ररी

झोप नाही म्हणून लिहितेय. आज दिवसभरात बाजूचं दार किती वेळा तपासलं ते मोजायचं सोडून दिलं. झोपताना एकदा, मग पाणी प्यायला उठले तेव्हा, मग पाणी प्यायचं निमित्त करून. ह्यांचं म्हणणं, सायकलच होती, कोणाला काही इजा झाली नाही. बरोबर आहे, मीही दुसऱ्या कोणाला हेच म्हणाले असते. पण मी वरती झोपले होते आणि खाली एक माणूस आरामात माझे खोके रचत होता, हे डोक्यातून जात नाही. घाई केली असती, फेकाफेक केली असती तर कमी राग आला असता असं वाटतं. त्याला वेळ होता, हेच जास्त झोंबतंय.

रस्त्यात प्रत्येक निळ्या सायकलवर नजर जाते. एका शाळकरी पोराकडे इतका वेळ बघत राहिले की त्याने मान खाली घालून जोरात पेडल मारलं. आणि आत्ता जुन्या सामानाच्या साईटवर एक निळी दिसलीये, फोटो अंधुक आहे, बास्केट नाही पण बास्केटचे ब्रॅकेट आहेत. विकणाऱ्याने पत्ता द्यायची तयारी दाखवलीये. सकाळी जाऊन बघून येऊ का?

---

बुधवार, पहाटे २:२०
प्रेषक: रविवार राईड ग्रुप

ताई नाही. मीही जागा आहे म्हणून लगेच लिहितो, एकट्याने जाऊ नका आणि ह्यांना घेऊनही जाऊ नका, आणि "माझी आहे का" असा मेसेजसुद्धा टाकू नका, पाच मिनिटात जाहिरात गायब होते. स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि विकणाऱ्याचं नाव जपून ठेवा, रिपोर्ट नंबर घालून पोलिसांना पाठवा. त्यांना नंबर जुळवता आला तर ते काहीतरी करू शकतात. म्हणून तो फ्रेम नंबर पाहिजे. कोणाकडे ताईंच्या सायकलचा उलटा फोटो आहे का? म्हणजे सायकल उलटी असतानाचा, फोटो उलटा नाही.

---

बुधवार सकाळ
प्रेषक: नवीन मेंबर

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ. गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीला ताईंची सायकल पंक्चर झाली होती आणि तिघं जण ती उलटी करून भोवती बसले होते, चौथे काका सूचना देत होते. मी तेव्हा कोणाला ओळखत नव्हतो म्हणून लांब उभा राहून फोटो काढत होतो. ओरिजिनल साईज फोनमध्ये आहे. झूम केल्यावर पेडलच्या मधे नंबर दिसतोय, शेवटून दुसरा आकडा तीन की आठ ते कळत नाहीये, तिथे चिखल आहे. नंबर लिस्टवर टाकत नाही, ताईंना वेगळा पाठवलाय.

---

बुधवार सकाळ
प्रेषक: लायब्ररी

अरे बाळा!!! तुला काय म्हणू. फोटो बघून आधी हसले, काका बोट दाखवतायत आणि कोणीच त्यांच्याकडे बघत नाहीये.

दोन्ही नंबर पोलिसांना कळवले, तीनवाला आणि आठवाला. त्या जाहिरातीचंही पाठवलं. पोलिसांतल्या बाईंनी फोनवर नीट ऐकून घेतलं, आशा फार दाखवली नाही, तेही बरं वाटलं.

---

पुढच्या सोमवारी
प्रेषक: लायब्ररी

अपडेट. जाहिरातीतली सायकल माझी नव्हती, नंबर वेगळाच निघाला. गेले असते तर कोणा बिचाऱ्याच्या दारात जाऊन भांडले असते.

क्लेम मंजूर झाला, सहलीचा फोटो मालकीचा पुरावा म्हणून चालला. घसारा कापून मिळाले, नवीन येईल एवढे नाहीत, पण एक बऱ्यापैकी सेकंडहँड येईल. दादांनी बजावलंय की सेकंडहँड घेताना आधी उलटी करून नंबर बघायचा आणि चोरीच्या सायकलींच्या ऑनलाईन रजिस्टरमध्ये तपासायचा, खरवडलेला असेल तर तिथूनच परत फिरायचं. नाहीतर दुसऱ्या कोणाचा हिरवा ठिपका माझ्या गॅरेजात यायचा.

रिमोट घरात आणला. राईडचं ॲप उघडून घराजवळचा भाग नकाशात लपवला, माझी प्रत्येक राईड आमच्या दारात सुरू होऊन दारात संपत होती आणि ती सगळ्या जगाला दिसत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रॅकर सीटखाली लपवायचा विचार आहे, पण दादा म्हणतात अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असला की चोराच्या फोनवर सूचना जाऊ शकते, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबून राहायचं नाही. डी लॉक घेतलं, इंग्रजी डीच्या आकाराचं जाड लोखंडी कुलूप. तेही बॅटरीवरच्या ग्राइंडरने कापता येतं, पण आवाज होतो, ठिणग्या उडतात, आणि वरती मी जागीच असते.

दार अजून तपासते. रात्री एकदाच.

आता काम. सायकल बांधायला भिंतीत लोखंडी कडी बसवायचीये आणि ह्यांच्या हातात ड्रिल द्यायची माझी तयारी नाही. दादा, शनिवारी ११ वाजता याल का? नवीन मेंबरनेही यावं, फोटो काढायला नाही, भोक सरळ पडतंय का ते लांबून बघायला. काका येणारच आहेत, सूचनांची काळजी नाही.

पुस्तकं बदलायला येणाऱ्यांनी बाजूच्या दाराने येऊ नका, तिथे आता आतून कडी आहे, पुढची बेल वाजवा. खोके चोराने रचले तसेच ठेवलेत. पुस्तक काढलंत तर परत तसेच, कडेला कड लावून ठेवा.