कमी वापर म्हणजे नको असलेलं फीचर का?

रानवाट
दूध उत्पादकांसाठीच्या एका अ‍ॅपवर मी काम करते. डेअरीवर घातलेल्या दुधाचं माप, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल त्यात दिसतं. होम स्क्रीनवर 'डॉक्टरांना फोन' असं एक बटण होतं. दाबलं की त्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना थेट फोन लागायचा. गेल्या वर्षी होम स्क्रीन मोकळी करायचं ठरलं, म्हणून अ‍ॅनालिटिक्सचा डॅशबोर्ड (कोण काय वापरतं याचे आकडे दाखवणारा पडदा) उघडून ३० दिवसांचा वापर पाहिला. फॅट आणि बिल जवळजवळ सगळेच बघत होते. डॉक्टरांचं बटण शंभरातल्या दोघातिघांनीच दाबलेलं. मीच म्हटलं, हलवू या. ते मेनूत तीन पायऱ्या आत गेलं.

पुढे एकदा संकलन केंद्रावर गेले होते, तर एका मावशींनी विचारलं, "ताई, डॉक्टरांचं बटण कुठं गेलं?" त्यांची गाय रात्री अडली होती. मुलगा परगावी. मोबाईलवर बटण सापडेना, म्हणून शेवटी शेजाऱ्यांना उठवून नंबर मिळवला. गाय वाचली, वासरू गेलं.

गाय वर्षा-सव्वा वर्षात एकदा विते. आम्ही मोजत होतो महिन्याचा वापर. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की कुठलं फीचर ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे डॅशबोर्ड बघून ठरवू नये. गोठ्यात जाऊन ठरवावं. तुम्हाला काय वाटतं?

दशमान
वाचून वाईट वाटलं. तरीही निष्कर्ष पटला नाही, आणि ते स्पष्ट सांगणं गरजेचं आहे.

तुम्ही एकच आकडा पाहिलात: ३० दिवसांत किती जणांनी बटण दाबलं. त्याच नोंदींना आणखी चार प्रश्न विचारता आले असते. किती वाजता दाबलं? दाबल्यावर किती जणांनी खरोखर फोन लावला? वर्षभरात एकदा तरी दाबणारे किती? हलवल्यानंतर मेनूत शोधाशोध करून काहीच न दाबता परत फिरलेले किती? रात्री दोन वाजता अ‍ॅप उघडून थेट त्या बटणावर बोट जात असेल, तर त्याची निकड त्या नोंदीत लिहिलेलीच असते. बिल रोज बघितलं जातं आणि डॉक्टर अडचणीत आठवतो. दोघांना एकच महिन्याची फूटपट्टी लावली, चूक ती आहे.

आणि आकडे बाजूला ठेवले तर निर्णय कोण घेणार? मीटिंगमधला सगळ्यात मोठ्या पगाराचा माणूस. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनमधली २०१२ची गोष्ट बघा. जाहिरातीचा मथळा दाखवण्याची पद्धत थोडी बदलावी, अशी एका कर्मचाऱ्याची सूचना होती. वरच्यांना ती किरकोळ वाटली, सहा महिन्यांहून जास्त काळ पडून राहिली. मग एका इंजिनिअरने साधी ए/बी टेस्ट लावली, म्हणजे काहींना जुनी आणि काहींना नवी रचना दाखवून तुलना केली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर. अनुभवी माणसांच्या अंदाजाने ती कल्पना कायमची गाडली गेली असती.

कंदील
बिंगचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्यांच्याकडे कोट्यवधी लोक आहेत. दोन-तीन तालुक्यांत चालणाऱ्या अ‍ॅपचं गणित करून बघा. एखाद्या पडद्यावर ५ टक्के लोक पुढे जातात आणि नव्या रचनेत ६ टक्के जातात, हा फरक भरवशाने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ८ हजार माणसं लागतात. दोन्ही गट मिळून १६ हजार! तेवढी नसतात, म्हणून लोक रोज निकाल उघडून बघतात आणि ज्या दिवशी आकडा मनासारखा दिसेल त्या दिवशी टेस्ट थांबवतात. मी स्वतः हे केलंय. जिंकलेली रचना पुढच्या महिन्यात पुन्हा होती तिथेच आली.

आणखी एक. गावात एक फोन घरभर फिरतो. खातं आईच्या नावावर, फोन मुलाच्या खिशात, बिल बघणार वडील. डॅशबोर्डवर हे तिघं मिळून एकच 'युजर'. मग कोणाची सवय मोजली आपण?

ओलीमाती
दशमान यांच्याशी सहमत. इन्स्टाग्राम आधी 'बर्बन' नावाचं अ‍ॅप होतं. आपण कुठे आहोत ते कळवायचं, बेत आखायचे, फोटो टाकायचे, असं बरंच काही त्यात होतं. लोक मुख्यतः फोटोच टाकतात हे त्याचे संस्थापक केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी पाहिलं आणि बाकी बहुतेक सगळं कापलं. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. कमी वापराची फीचर्स काढायची हिंमत दाखवली नसती तर ते बर्बनच राहिलं असतं.

रानवाट
ओलीमाती, त्याच गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फोटोंकडे वळा हे वापराने सांगितलं, मान्य. पण फिल्टर कुठून आले? सिस्ट्रॉम तेव्हा मेक्सिकोत समुद्रकिनारी सुट्टीवर होते. त्यांची मैत्रीण म्हणाली, मी हे अ‍ॅप वापरणार नाही, कारण माझे फोटो तुझ्या मित्राच्या फोटोंइतके चांगले येत नाहीत. तो मित्र फिल्टर वापरत होता. त्याच मुक्कामात पहिला फिल्टर तयार झाला, एक्स-प्रो टू. फोटो टाकायची लाज वाटून जो माणूस थांबला, त्याची नोंद कुठल्या इव्हेंटमध्ये (अ‍ॅपने टिपलेल्या कृतीत) होणार होती?

दशमान, तुमचे चारही प्रश्न मी वहीत लिहून घेतले. त्यानंतर जुन्या नोंदी काढून वेळेनुसार लावल्या. बटण दाबलेल्यांत रात्री दहानंतरचे आणि पहाटे पाचच्या आधीचे खूप होते. तुमचं बरोबर होतं, माहिती आमच्याकडेच पडून होती. पण 'किती वाजता?' हा प्रश्न मला त्या मावशी भेटेपर्यंत सुचला नव्हता. गाय रात्रीबेरात्रीही अडते हे ज्याला माहीत आहे, तोच तसा तक्ता काढेल.

दशमान
हे मान्य. प्रश्न गोठ्यातून यावा, उत्तर नोंदींतून तपासावं. पण मूळ धाग्यातलं 'डॅशबोर्ड बघून ठरवू नये' हे वाक्य मला अजूनही घातक वाटतं. त्या मावशी भेटल्या हा योगायोग. ज्या भेटल्या नाहीत त्यांच्या वतीने त्या नोंदींशिवाय दुसरं कोण बोलणार?

कंदील
त्या नोंदी ठेवायला त्यांनी हो म्हटलंय का, हेही विचारा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती नेमक्या कामासाठी आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय हवा. बहुतेक अ‍ॅपमध्ये इंग्रजीतला लांबलचक मजकूर असतो आणि खाली 'अ‍ॅग्री'. रात्री दोन वाजता कोण काय दाबतं हे आपण बघणार असू, तर ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला हवं.

रानवाट
कंदील, हा मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला होता. बटण परत होम स्क्रीनवर आणलंय, आधीपेक्षा मोठं. फोन लागला की नाही याची नोंदही आता ठेवतो. संमतीचा मजकूर मराठीत लिहायला घेतलाय, पण पहिल्याच ओळीला अडले आहे. फोन मुलाचा, खातं आईचं. 'तुमची परवानगी आहे का?' हे मी कोणाला विचारू?