सेसना १७२ विमान चढत नाहीये, इंजिनियर म्हणतो सगळं ठीक. तातडीने मदत हवी!

वैतागराव (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, थोडक्यात लिहितो, वेळ नाही. मराठवाड्यात आमचं छोटं फ्लाइंग स्कूल आहे. मी ऑफिस, बिलं, शेड्यूल, कागदपत्रं बघतो. दोन १७२ आहेत. एकाचं शंभर तासांचं इन्स्पेक्शन झालं आणि तेव्हापासून ते वर जायलाच तयार नाही. आधी मिनिटाला सहाशे-सातशे फूट आरामात चढायचं, आता तीनशेला रडतं. इंजिनियर म्हणतो सगळं लिमिटमध्ये आहे, सही करून मोकळा झाला. दुसरं विमान मस्त चढतं, म्हणजे इन्स्पेक्शनमध्येच काहीतरी घोळ घातलाय ना? मालक म्हणतात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये प्रोपेलरची पाती जरा पिळून घेऊ. चालतं का असं? विद्यार्थ्यांचे तास तुंबलेत, पालकांचे फोन सुरू आहेत. फक्त माहीतगारांनीच उत्तर द्या.

हँगरवासी
पात्यांना हात लावू नका, हे पहिलं. आता सांगा: १७२ म्हणजे कोणतं मॉडेल? एन, आर, एस? पूर्ण थ्रॉटलला उभ्या विमानात आरपीएम किती येतात? मॅग्नेटो ड्रॉप, म्हणजे ठिणगी देणारा एक मॅग्नेटो बंद केला की आरपीएम किती पडतात? सिलिंडरचं कॉम्प्रेशन? उड्डाण किती वाजता?

घारपंख
टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं मीटर) तपासा. आमच्याकडे सेम झालं होतं. महिनाभर इंजिनाला शिव्या घातल्या आणि मीटरच शंभर आरपीएम खोटं दाखवत होतं. ऑप्टिकल टॅकोमीटर लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

बुलेटवाला
विमानातलं कळत नाही, पण इंजिन ते इंजिन. माझ्या बुलेटचं पिकअप असंच गेलं होतं, टॅपेट सेट केल्यावर पळायला लागली. व्हॉल्व्ह बघून घ्या.

हँगरवासी
@बुलेटवाला, १७२ च्या लायकॉमिंग इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट असतात, तुमच्या बुलेटसारखे दर सर्व्हिसिंगला सेट करायचे नसतात. हलके घ्या.

वैतागराव
अहो, १७२ म्हणजे १७२! दोन्हींचं इंजिन एकच आहे, आयओ-३६०-एल२ए, लॉगबुकात मी स्वतः पाहिलंय. कॉम्प्रेशन ८० पैकी ७६, ७४, ७५, ७२. मॅग्नेटो ड्रॉप दोन्हीकडे शंभरच्या आत. पण ऐका, आजारी विमानाचे उभ्याने आरपीएम फक्त २१०० येतात आणि चांगल्याचे २३५०. म्हणजे इंजिन मेलंय हे उघड आहे. तरी इंजिनियर ‘नॉर्मल’ म्हणतो!

जुना_पाना
धागाकर्ते, आजारी विमान १७२ आर आहे आणि चांगलं एस. बरोबर?

वैतागराव
हो. फेब्रुवारीत सेकंडहँड घेतलं ते आर. पण इंजिन तेच आहे, सांगितलं की.

जुना_पाना
मग तुमच्या इंजिनियरला आधी चहा पाजा. इंजिन तेच, पण आर मॉडेलमध्ये ते २४०० आरपीएमला १६० अश्वशक्तीवर बांधलेलं आहे. एसमध्ये २७०० ला १८० मिळते. फरक प्रोपेलरमुळे पडतो. आरच्या पात्यांचा पीळ जास्त, त्यामुळे इंजिन तेवढं फिरूच शकत नाही. पीओएचमध्ये (विमानाच्या मॅन्युअलमध्ये) स्टॅटिक, म्हणजे उभ्या विमानातले आरपीएम आरला २०६५ ते २१६५ दिलेत, एसला २३०० ते २४००. तुमचे २१०० अगदी मधोमध आहेत. दोन्ही विमानांच्या टॅकोमीटरवरची लाल रेघ वेगळ्या जागी आहे, कधी पाहिलीत का?

आणि पाती पिळणं म्हणजे टाइप डिझाइन, म्हणजे विमानाची मंजूर रचना बदलणं. आरला १८० अश्वशक्ती देणारा कंपनीचा किट आहे. वेगळा प्रोपेलर, मंजूर कागद, मॅन्युअलमधले बदल, हे सगळं त्यात येतं. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पाती पिळलीत की एअरवर्दीनेस (उड्डाणयोग्यता) तिथेच संपला, विमा कंपनी नंतर हात झटकेल ते वेगळंच.

डोंबिवलीकर_काकू
माझ्या भाच्याला एएमई (विमान मेंटेनन्स इंजिनियर) करायचंय. बारावी सायन्स झालाय. लायसन्स बी१.१ घ्यावं की बी२? नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांचं काम चालतं म्हणे.

जुना_पाना
काकू, वेगळा धागा काढा ना. (बी१.१ म्हणजे टर्बाइन विमानं, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. वायरिंगचा कंटाळा असेल तर बी१.१.)

वैतागराव
ठीक आहे, आर तर आर. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच विमान चढत होतं!! तेव्हा पीळ नव्हता का? कृपया मुद्द्यावर या.

भौतिकवेडा
इन्स्पेक्शनला विमान किती दिवस उभं होतं?

वैतागराव
पाच आठवडे. मॅग्नेटोची पाचशे तासांची तपासणी सोबतच आली, पार्ट लवकर मिळेना. मेच्या सुरुवातीला बाहेर आलं. त्याचा काय संबंध?

भौतिकवेडा
सगळा संबंध तिथेच आहे. तुम्ही मार्चमध्ये आत ढकललं आणि मेमध्ये बाहेर काढलं. धावपट्टीची उंची आणि दुपारचं तापमान द्या.

वैतागराव
साधारण १८०० फूट. दुपारी ४२.

भौतिकवेडा
आता हिशेब बघा. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश, दर हजार फुटांना दोन अंश कमी. म्हणजे १८०० फुटांवर साडेअकरा अंश धरलेत. तुमच्याकडे तीस अंश जास्त आहेत. ढोबळ नियम, दर जादा अंशाला १२० फूट. झाले साडेतीन हजारांच्या वर. तुमचं विमान उभं आहे १८०० फुटांवर, पण त्याला वाटतंय की आपण साधारण साडेपाच हजार फुटांवर आहोत. विरळ हवेत इंजिन कमी ताकद देतं, प्रोपेलर कमी हवा मागे ढकलतो, आणि तेवढीच लिफ्ट मिळवायला प्रत्यक्ष वेग जास्त लागतो. तिन्हीकडून मार. १८० अश्वशक्तीवाल्याकडे थोडी शिल्लक असते, १६० वाल्याकडे ती उरत नाही.

गगनभेदी
लिफ्ट पंखाच्या आकारामुळे मिळते. वरची हवा लांबून जाते, खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठायचं म्हणून वेगाने पळते, दाब कमी होतो. शाळेत शिकवतात.

भौतिकवेडा
शाळेत चुकीचं शिकवतात. वरच्या हवेला खालचीची वाट बघायचं काही कारण नाही, प्रत्यक्षात ती आधीच पोहोचते. दाबाचा फरक खरा आहे, ‘गाठायचं’ ही गोष्ट खोटी. पंख हवा खाली वळवतो हेही तितकंच खरं. नाहीतर एअरशोमध्ये विमानं उलटी उडतात ती कशी?

गगनभेदी
म्हणजे बर्नोलीचा नियम चुकला?

भौतिकवेडा
बर्नोली नाही हो, तुम्ही. वेगळा धागा काढतो, तिथे या.

घारपंख
तरी टॅकोमीटर तपासाच.

नागपुरी_संत्रं
पेट्रोल कोणतं टाकता? मागे ॲवगॅस १००एलएल (विमानाचं पेट्रोल) बाहेरून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल देशातच बनवतंय. पण जुना साठा असेल तर ड्रेन करून पाणी बघा.

हँगरवासी
पेट्रोल राहू दे. उन्हाने कमी चढेल हे मान्य, पण सातशेवरून तीनशे जरा जास्तच वाटतंय. वैतागराव, विमानात कोण कोण बसतं? वजनं लिहा.

वैतागराव
इन्स्ट्रक्टर ९५ किलो, विद्यार्थी ८५. टाक्या फुल्ल, परत परत पेट्रोलचा बाउझर (टँकर) कोण बोलावणार. नवी बॅच सुरू झाल्यापासून मागे एक ऑब्झर्व्हर असतो, ६५ किलोचा पोरगा. लोड शीटमध्ये (वजनाच्या हिशेबात) बसतं सगळं, मीच एक्सेलमध्ये बनवलीय.

हँगरवासी
आरचं रिकामं वजन किती? वेट शेड्यूलवर असेल. आणि एक्सेलमध्ये कमाल वजन काय टाकलंय?

वैतागराव
रिकामं १७०५ पौंड. शीटमध्ये कमाल २५५०. रिकामं वजन शीटमध्ये एसचंच आहे, विमान तेच की.

जुना_पाना
अरे देवा.

हँगरवासी
विमान ‘तेच’ नाही, हेच तर वरपासून चाललंय. आरची कमाल मर्यादा २४५० पौंड. १७०५, त्यात फुल्ल पेट्रोल ३१८, त्यात तुमची तीन माणसं ५४०. बेरीज २५६३. बॅगा, हेडसेट न धरता ११३ पौंड जास्त, म्हणजे पन्नास किलोंच्या वर. हे एसच्याही मर्यादेत बसत नाही. इंजिनियरची सही विमान दुरुस्त असल्याची आहे, तुम्ही त्यात काय भरता त्याची नाही.

आजपासून आरची शीट वेगळी, त्याच्याच वेट शेड्यूलवरून, आणि ती चीफ इन्स्ट्रक्टरकडून तपासून घ्या. सीजी (गुरुत्वमध्य) पण बघा, मागे माणूस बसला की तो मागे सरकतो. ऑब्झर्व्हर बंद, पेट्रोल मोजून, आणि आर सकाळी साडेनऊच्या आत उडवा.

घारपंख
इन्स्ट्रक्टर काय झोपले होते? टेक-ऑफची अंतिम जबाबदारी पायलटची. कागद आला म्हणून सही करायची?

नागपुरी_संत्रं
नवीन इन्स्ट्रक्टरांना तास हवे असतात, बोलतात कुठे. मीही नाही बोललो कधी.

वैतागराव
आज सकाळी साडेसहाला दोघांनी, अर्ध्या टाकीच्या थोडं वर पेट्रोल घेऊन उडवलं. साडेपाचशे मिळाले. प्रोपेलरचा विषय मालकांनी सोडलाय. इंजिनियर माझ्याशी बोलत नाही, ते होईल ठीक. सर्वांचे आभार, धागा बंद करायला हरकत नाही.

डोंबिवलीकर_काकू
बी१.१ ला फी किती असते?

हँगरवासी
थांबा, बंद नका करू. ती एक्सेल शीट वापरून आर किती वेळा उडालं? जास्त वजनात लँडिंग झाली असतील तर मेंटेनन्स मॅन्युअलमधली तपासणी करायची की नाही हे इंजिनियर आणि कॅमोने (उड्डाणयोग्यता सांभाळणारी संस्था) ठरवायचं असतं, त्यांना आकडा लेखी द्यावा लागेल. तारखांसकट. आणि त्या दिवसांत एखादं हार्ड लँडिंग झालं होतं का?

वैतागराव
व्यक्तिगत निरोप केलाय.