प्रतिसाद: ईजीटीचा आकडा नको, बदल बघा

विमानाच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरचं ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं म्हणून तो सिलिंडर बिघडतोय, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. तेवढ्यावरून घाबरू नका. एक्झॉस्टमध्ये प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) कुठे बसवलाय त्यावरही तो आकडा ठरतो.

इंजिन मॉनिटरचा (प्रत्येक सिलिंडरचं तापमान बारने दाखवणाऱ्या पडद्याचा) खरा उपयोग मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी देणारी यंत्रं, तपासताना होतो. मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. एकाच मॅग्नेटोवर इंजिन चालवलं की सगळ्या सिलिंडरांचं ईजीटी चढायला हवं, कारण एका प्लगने ज्वलन सावकाश होतं. एखादा बार धाडकन खाली आला, तर त्याच सिलिंडरचा प्लग पेटत नाहीये! नुसत्या आरपीएमवरून हे इतकं नेमकं कळत नाही.

सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) मात्र आकड्यानेच बघा. क्रूझमध्ये (स्थिर उंचीवरच्या सरळ उड्डाणात) ४०० अंश फॅरनहाइटच्या आत असलेलं बरं. ईजीटी पडतंय आणि सीएचटी भराभर चढतंय असं दिसलं, तर विचार करत बसू नका. लगेच पॉवर कमी करा, मिक्स्चर रिच करा (हवेच्या मानाने इंधन वाढवा).