शब्दचर्चा: 'जोखीम', 'स्मृतिभ्रंश' आणि म्हातारचळ

तळ्याकाठची
सोलापुरात आमच्या पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय असा: एकाच गावातल्या माणसांची वर्षानुवर्षं तपासणी करत राहायची आणि म्हातारपणी कुणाची बुद्धी शाबूत राहते, कुणाची ढासळते, ते का, हे शोधायचं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ जणांना घेऊन हृदयविकाराचा असा अभ्यास सुरू झाला, पुढे त्याच लोकांत डिमेन्शिया, म्हणजे बुद्धी ढासळत जाण्याचा आजार, तोही पाहिला गेला. शेजारी कर्नाटकात कोलारकडच्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं मेंदू संशोधन केंद्र हेच काम करतंय.
अडलंय हा आजार होण्याच्या 'रिस्क'वर. मी 'जोखीम' लिहिलं. सासूबाईंनी मसुदा वाचला आणि विचारलं, "जोखीम म्हणजे अंगावरचं सोनं ना गं? ते कशाला तपासतात?" 'धोका' लिहावं तर उद्याच काहीतरी होणार असं वाटतं. 'शक्यता' फार मिळमिळीत. काय लिहू?

दक्षिण कसबा
सासूबाईंचा अर्थ खरा आहे, ताई. गड्ड्याच्या जत्रेला निघताना आमची आजी म्हणायची, "गर्दीत जायचंय, जोखीम घरी काढून ठेवा." माझ्या मते 'जोखणे'वरून आलाय शब्द. जे तराजूत जोखतात ती जोखीम.

शब्दवेडा
जोखणे आणि जोखीम नुसते कानाला जुळतात. हिंदीतही 'जोखिम' आहेच. पुरावा असेल तर द्या.

निवृत्त संस्कृत शिक्षक
जोखीम राहू द्या, आधी 'डिमेन्शिया' काढा. 'स्मृतिभ्रंश' हा घडीव शब्द असताना उसनवारी कशाला? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे: स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः.

तळ्याकाठची
सर, त्याच श्लोकाची मला भीती वाटते. तिथे क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृती ढळते, आणि मग बुद्धिनाश. म्हणजे ज्याला झालं त्यानंच ओढवून घेतलं, असा वास त्याला येतो. घरातल्या माणसाला तसं म्हणवत नाही. शिवाय नुसती स्मृती जात नाही. स्वयंपाकाचा क्रम चुकतो, पैशाचा हिशेब लागत नाही, ओळखीच्या बोळात वाट सापडत नाही. 'स्मृती' म्हटलं की लोक चष्मा कुठे ठेवला एवढंच धरतात.

अक्कलकोट रोड
आमच्याकडे सरळ 'म्हातारचळ' म्हणतात. सगळ्यांना कळतं.

तळ्याकाठची
कळतं, पण 'चळ लागला' म्हटल्यावर कुणी दवाखान्यात नेत नाही. तो शब्द मी छापणार नाही.

अक्कलकोट रोड
ताई, लोक बोलतात ती भाषा. 'साठी बुद्धी नाठी' पण मग पुसून टाकायची का?

शब्दवेडा
म्हण पुसू नका, पण खरीही मानू नका. 'नाठी' म्हणजे नष्ट झालेली, संस्कृत 'नष्ट' प्राकृतातून येता येता 'नाठ' झालं. आता देशभरच्या वयस्कांच्या 'लासी' नावाच्या पाहणीला जोडून जी डिमेन्शियाची पाहणी झाली, तिचा अंदाज साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के. म्हणजे शंभरातल्या ९२-९३ जणांना साठीनंतरही डिमेन्शिया नाही.

दक्षिण कसबा
कन्नडमध्ये जशीच्या तशी म्हण आहे: अरवत्तक्के अरळु मरळु. साठीला अरळु मरळु. माझी आई विजापूरकडची, ती अरळु म्हणजे उमलणं आणि मरळु म्हणजे परत फिरणं असं फोडून सांगायची, पुन्हा लहानपण येतं म्हणून. कन्नड कवी द. रा. बेंद्रे आपल्या सोलापुरात दयानंद कॉलेजात शिकवायचे, त्यांच्या 'अरळु मरळु' संग्रहाला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिणवायचा शब्द कवीनं नावाला घेतला. मराठीत असा एखादा मऊ शब्द का नसावा?

निवृत्त संस्कृत शिक्षक
फोड गोड आहे, पण व्याकरणाला धरून आहे का, हे कन्नडच्या जाणकाराला विचारा. मऊपणासाठी अर्थ सोडू नये. आजाराला आजारच म्हणावं.

मागवाला
पूर्व भागातून लिहितो. घरी तेलुगू, बाहेर मराठी. आम्ही नुसतं 'मरुपु' म्हणतो, विसर. वडिलांची चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. प्रश्न विचारला की नुसते बघत राहायचे. सगळे म्हणाले, अण्णांना आता काही कळत नाही. तपासल्यावर निघालं की ऐकूच येत नव्हतं. मशीन लावलं, दुसऱ्या दिवशी दारातल्या भाजीवाल्याशी भावावरून वाद घातला. ताई, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं टाळता येण्याजोगी १४ कारणं धरली आहेत, त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी शिक्षण, साखर, रक्तदाब, एकटेपणाही आहे. ही सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज. मागावरच्या माणसाला हे कानाचं आधी सांगा. शब्द कुठलाही घाला.

शब्दवेडा
मागवाले, 'शब्द कुठलाही' कसं चालेल? चाचणीत शब्दच असतात. हरियाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात परदेशी चाचणी हिंदीत आणली, तेव्हा शाळा न पाहिलेल्यांसाठी प्रश्न बदलावे लागले. आपल्याकडे आजीला 'आज तारीख काय' विचारलं तर गप्प बसेल, 'तिथी कोणती' म्हटलं तर एकादशी परवा आहे हेही सांगेल.

निवृत्त संस्कृत शिक्षक
म्हणूनच म्हणतो, शब्द घडवून घ्यावे लागतात. 'कॉग्निशन', म्हणजे जाणणं-समजणं, त्याला 'बोधन' आहे.

अक्कलकोट रोड
'बोधन' कुणी बोलतं का, सर? आमची काकू म्हणते, "डोकं चालत नाही." तेवढं पुरे.

निवृत्त संस्कृत शिक्षक
नाही पुरत. बुद्धी मंद असणाऱ्यालाही आपण तेच म्हणतो, आणि रागावलो की धडधाकट पोरालाही. पत्रकात तिन्ही एक करून चालणार नाही.

मागवाला
तेलुगूत काय छापायचं तेही ठरवा. पूर्व भागातले निम्मे म्हातारे मराठी बोलतात, पण वाचत नाहीत.