व्याख्यान हाच व्यवसाय : कोकणात राहून जमेल का?

खाडीकाठ : मुक्काम गुहागर तालुका. वाचनालयं, शाळा इथे जलदुर्गांवर बोलायला बोलावणी येतात. पण शाल-श्रीफळ आणि गाडीभाडं एवढ्यावर भागवलं जातं. यावर घर चालवायचं तर काय बदलावं?

सड्यावरचा : आधी विषय आवळा. 'जलदुर्ग' हा विषय नव्हे, तो साठा झाला. 'भर समुद्रात किल्ल्याचा पाया कसा घातला?' एवढ्या एकाच प्रश्नावर ५० मिनिटांचं व्याख्यान बांधा. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात पहिली पाच मिनिटं घालवू नका. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, पायाचे दगड शिसं ओतून बसवले, हे पहिलंच वाक्य असू द्या. लोक सावरून बसतात.

मिनिटाला ११० शब्द धरले तर ५० मिनिटांना साडेपाच हजार. प्रास्ताविक लांबतं आणि हातात ३५ मिनिटंच उरतात, हे ठरलेलंच. म्हणून गाळायचे दोन भाग आधीच खूण करून ठेवा, आणि तेही मधले. शेवट कापलात तर सगळं व्याख्यान अर्धवट वाटतं. आणि दर वेळी नवा विषय नको. तेच व्याख्यान विसाव्या खेपेला खरं मुरतं.

माडाखाली : मानधनाबद्दल 'तुमच्या खुशीने द्या' हे कृपा करून बंद करा. मंडप, जेवण, माईकवाला भागवून उरेल ते पाकिटात येतं. पहिल्याच फोनवर आकडा सांगा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर तारीख, विषय, वेळ, मानधन, प्रवास, मुक्काम लिहून पाठवा. वाचनालयाला कमी दर लावा, पण फुकट नको. घर चालतं ते पतसंस्था, हॉटेलं, महाविद्यालयं यांच्या संवादकौशल्याच्या अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळांवर. गणपतीत गावाकडे आरत्या-भजनं असतात, व्याख्यान कुणी ठेवत नाही. पण तेव्हा आलेल्या चाकरमान्यांना भेटा, मुंबई-ठाण्याच्या मंडळांची आमंत्रणं त्यांच्याकडूनच येतात.

खाडीकाठ : आगाऊ रक्कम मागितली तर लोक दुखावतील का?

माडाखाली : गावातल्या संस्थेकडे मागू नका. बाहेरगावी प्रवासखर्च तरी आधी घ्याच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, आदल्या रात्रीच पोचावं लागतं.

भरती-ओहोटी : माईकचं कुणी बोललं नाही. तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका धरा; समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फटके मारतात. जाळीवर मूठ आवळू नका. जाळी झाकली की माईक चहूबाजूंचा आवाज ओढतो, त्यात स्पीकरचाही आला, आणि शिट्टी सुरू होते. पत्र्याच्या हॉलमध्ये सर आली तर ओरडून उपयोग नाही, घसा मात्र बसतो. वेग मिनिटाला ९० शब्दांवर आणा, वाक्यं तोडा. अगदीच ऐकू येईना तर सर ओसरेपर्यंत सरळ थांबा. आणि पडद्यावरच्या चित्रांवर विसंबून व्याख्यान बांधू नका, वीज गेली तरी पुढे बोलता आलं पाहिजे.