मदत हवी आहे: मंदीत अडकलेली मजुरी कशी सोडवायची?

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचे साधे यंत्रमाग आहेत, आम्ही खर्चीवाले, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारे. सुताची बिमं (उभे धागे गुंडाळलेले रूळ) व्यापाऱ्याची, विणाई आमची, मजुरीचा हिशेब पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. सध्या कापडाला उठाव नाही. माल गोदामात पडून आहे, विकला की देतो, एवढंच उत्तर मिळतं. पण कामगारांचा पगार थांबवता येत नाही, आणि माग बंद ठेवले तरी वीजबिलातला स्थिर आकार चुकत नाही. दोन पाळ्यांची एक केली आहे. त्याहून खाली जायची तयारी नाही, कारण तुटलेला धागा पाहताक्षणी माग थांबवणारा कामगार एकदा गेला की परत मिळत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. थकबाकीसाठी सरकारी पोर्टलवर अर्जही करता येतो. भीती एकच, अर्ज केला आणि बिमं यायची बंद झाली तर?

कोणी अर्जाआधी नुसत्या नोटिशीवर पैसे सोडवलेत का? मार्चअखेर थकलेल्या अशा रकमेची त्या वर्षी आयकरात वजावट मिळत नाही, हे सांगितल्यावर व्यापारी हलतो का? आमच्याकडे करार नाही, फक्त सह्या केलेली डिलिव्हरी चलनं आणि बिलं आहेत. तेवढा पुरावा पुरतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.