मदत हवी आहे: कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडून खातायत

नमस्कार मंडळी, आम्ही कोकणात राहतो, घरामागे खुराड्यात 6 गावरान, 3 गिरिराज (कोंबडीची सुधारित जात) आणि 1 कोंबडा आहे. महिनाभर अंडी गायब होतायत, आधी वाटलं मुंगूस येतंय म्हणून जाळी बदलली, दोन रात्री टॉर्च घेऊन जागलो पण, आणि परवा भर दुपारी बघतो तर आमचीच एक गिरिराज, चोचीला बलक लागलेला आणि खाली गवतात टरफलाचा चिकट तुकडा. तिचं बघून आणखी दोघी शिकल्यात.

कवचं पण पातळ येतायत, नुसतं उचललं तरी अंगठ्याखाली दबतं, म्हणजे कॅल्शियम कमी असणार. खायला कणी, भात आणि उरलंसुरलं, लेयर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) नाही देत. कालपासून शिंपल्या कुटून वेगळ्या वाटीत ठेवतोय, फरक पडायला किती दिवस लागतात?

त्यात एक गावरान खुडूक होऊन (म्हणजे अंडी उबवायच्या मूडमध्ये येऊन) एकुलत्या एका टोपलीत ठाण मांडून बसलीय, मग बाकीच्या कुठेही घालतात आणि पायाखाली येऊन फुटतात. आई म्हणते पाण्यात बुडवून काढ तिला, मला नाही पटत. खाली अंडी ठेवून 21 दिवस बसू द्यावी का, की टोपल्याच वाढवू?

अंड्यात मिरचीपूड भरून ठेवली होती, तेही खाल्लं बयेने! नंतर कळलं पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. खोटी अंडी ठेवून कुणाला फरक पडलाय का? शेजारचे काका रोज विचारतात रस्सा कधी करताय म्हणून.